जबानी देणाऱ्याच्या हाती पोच पडली पाहिजे

हक्कांची पायमल्ली करणारे देशच संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेवर निवडून येत असतील, तर ती बरखास्त करून नवी संस्था उभारावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते उभारू नये, कारण तो प्रयोग एकदा करून झालेला आहे. २००३ साली लिबियाकडे अध्यक्षपद गेल्यावर ५३ सदस्यांच्या जुन्या मानवाधिकार आयोगाची उरलीसुरली पतही गेली; २००६ मध्ये आयोग मोडीत काढून ४७ सदस्यांची परिषद आली. गंभीर उल्लंघन करणाऱ्या सदस्याला महासभेच्या दोन-तृतीयांश मतांनी निलंबित करण्याची सोय झाली आणि ती २०११ मध्ये लिबियाविरुद्ध व २०२२ मध्ये रशियाविरुद्ध वापरलीही गेली. निवडणुकीतील मतांची देवाणघेवाण मात्र थांबली नाही. तरीही खुर्चीवर कोण बसतो हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे तिथवर पोहोचते का आणि त्याला काही उत्तर येते का, हे मला आधी पाहावेसे वाटते, आणि त्याला कारण आहे.

२००६ च्या दिवाळीनंतर मी मराठवाड्यातील एका गावी जबान्या नोंदवण्यासाठी गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीपुढे फेब्रुवारी २००७ मध्ये भारताचा अहवाल यायचा होता आणि सरकारी अहवालाला जोड म्हणून दलित संघटनांचा पर्यायी अहवाल तयार होत होता. गावातील हातपंपावर भांडे भरले म्हणून एका मावशींना मारहाण झाली होती आणि फिर्याद द्यायला गेल्यावर त्यांना दोन दिवस ठाण्याबाहेर बसवून ठेवले होते. त्या तीन तास बोलल्या. मारहाणीपेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट अधिक लागली होती : त्यांचा घासून लख्ख केलेला पितळी हंडा कुणीतरी पायाने उकिरड्यावर ढकलला, आणि तो उचलून आणायला त्यांचा मुलगा गेला तेव्हा बघ्यांपैकी एकानेही वाट सोडली नाही. मी सहा पाने लिहिली, वाचून दाखवली, त्यांनी अंगठा दिला. मी निघताना त्यांनी विचारले, "ताई, याची पोच कधी येईल?" तहसीलला साधा अर्ज दिला तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मिळतो, एवढा त्यांचा अनुभव होता. महिनाभरात येईल, असे मी सांगितले.

ती सहा पाने अहवालात अर्धे वाक्य होऊन गेली : सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव केल्याची उदाहरणे मराठवाड्यातही आढळतात. संपादन करणाऱ्या माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांशी मी भांडले. त्यांचे म्हणणे होते की समितीला आकृतिबंध दाखवावा लागतो, एकेका बाईची हकीकत नव्हे. तो वाद आमच्यात पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला, आणि आपल्या प्रश्नाने तो पुन्हा वर आला.

कारण दोष त्या एका संपादकाचा नव्हता. ही समिती ज्या वांशिक भेदभावविरोधी करारावर देखरेख ठेवते त्याला भारताने १९६८ मध्ये मान्यता दिली, पण व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करता यावी यासाठी अनुच्छेद १४ नुसार करायची घोषणा केली नाही. इतर मानवाधिकार करारांखालील वैयक्तिक तक्रारींचे दरवाजेही भारतीय नागरिकाला असेच बंद आहेत. मग उरतो संघटनांच्या अहवालाचा मार्ग. परिषदेच्या सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यात, म्हणजे प्रत्येक देशाच्या मानवाधिकार स्थितीच्या पाळीपाळीने होणाऱ्या तपासणीत, एका देशाविषयी सगळ्या संघटनांनी पाठवलेली माहिती दहा पानांच्या सारांशात बसवली जाते आणि प्रत्यक्ष आढावा साडेतीन तासांत उरकतो. शंभराहून अधिक देश बोलायला उभे राहिले की एकेकाच्या वाट्याला मिनिट-सव्वा मिनिट येते. त्यात हंडा कुठे मावणार?

आणि संघटनांनाही आत येऊ दिले जाते असे नाही. संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळाल्याशिवाय परिषदेत बोलता येत नाही, आणि त्याची शिफारस न्यूयॉर्कमधील १९ देशांची समिती करते. त्यांपैकी एकाने प्रश्न विचारला की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. आंतरराष्ट्रीय दलित एकता जाळे या संघटनेचा अर्ज भारताच्या प्रश्नांमुळे सुमारे पंधरा वर्षे अडून राहिला आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्या समितीच्या वरच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत मंजूर झाला. सुधारणा करायचीच तर मी इथून करेन : प्रश्न विचारण्यावर मुदत घालावी, मुदत संपताच मतदान व्हावे.

हे दार बंद असण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. १९४६ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि भारतातील अस्पृश्यही तसाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत असे कळवले. १९४७ मध्ये तेव्हाच्या मानवाधिकार आयोगाने ठरवून टाकले की तक्रारींवर कारवाई करण्याचा आपल्याला अधिकारच नाही. तो निर्णय वीस वर्षे टिकला.

दुसरी सुधारणा पोचेची. ज्याची जबानी अहवालात वापरली त्याला त्याच्या भाषेत दोन ओळींचे उत्तर गेले पाहिजे : तुमचे म्हणणे मिळाले, समितीने सरकारला अमुक विचारले, सरकार अमुक म्हणाले. पैसे नाहीत, असे यावर हमखास सांगितले जाते. मानवाधिकार उच्चायुक्तालयाला संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातील जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास वाटा मिळतो हे खरे आहे, पण दोन ओळींचे भाषांतर पाठवणे संघटनांनाही परवडते. आम्ही तेही केले नाही.

माझ्या त्या सहकाऱ्यांविषयी एक गोष्ट मी उशिरा मान्य करते. जात वंशात मोडत नाही, म्हणून हा करार तिला लागू नाही, अशी सरकारची भूमिका २००७ मध्ये समितीने फेटाळली. करारातील 'कूळ' (म्हणजे जन्माने मिळणारी वंशपरंपरा) या आधारात जात येते, असे तिने स्पष्ट लिहिले. हा शब्द १९६५ मध्ये मसुद्यात भारतानेच सुचवला होता. तो निष्कर्ष निघाला तो शेकडो अर्ध्या वाक्यांच्या बळावर, एका हकीकतीच्या नव्हे. शिवाय विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे परिषदेने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, पत्र कोणीही लिहू शकतो, हेही आपण ध्यानात ठेवावे. त्यासाठी सल्लागार दर्जा लागत नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात मी निष्कर्षांतील तो परिच्छेद मराठीत लिहून त्या गावी नेला. मावशींनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "यात पाण्याचं कुठं आहे?" त्या परिच्छेदात नव्हते. मी त्यांची सहा पाने त्यांना परत दिली आणि एक प्रत माझ्याकडे ठेवली, ती अजून आहे.