दीडशे वर्षांचा अडकित्ता, पाचशे रुपयांची भेट

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातला एक पितळी अडकित्ता मी ऑनलाइन लिलावात विकला. जर्मनीतल्या एका ग्राहकाने ४२० युरोची बोली लावून तो घेतला आणि पैसे लगेच भरले. त्याच्याच सांगण्यावरून मी पार्सलवर ‘भेटवस्तू, किंमत ५०० रुपये’ असं लिहिलं. पार्सल मुंबईच्या विदेश डाकघरात अडकलं आणि आता कस्टम्सची नोटीस आली आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, पंधरा-वीस हजार दंड भरला की सुटेल. ग्राहक पैसे परत मागतो आहे, वाईट शेरा देण्याची आणि तिकडच्या कोर्टात जाण्याची धमकी देतो आहे. काय करावं? (एक वाचक, वाई)

उत्तर : परदेशी गिऱ्हाईक, ऑनलाइन लिलाव आणि अडकलेलं पार्सल, या तिन्ही गोष्टी असलेली पत्रं माझ्याकडे अधूनमधून येतात. कुणाची समई असते, कुणाची नाणी, कुणाचा पानदानाचा डबा. सगळ्यांना शेऱ्याची काळजी असते. तुम्हालाही आहे. शेरा विसरा.

नोटिशीत उत्तरासाठी ३० दिवस दिले होते आणि तुम्ही पत्र लिहिलं तेव्हा त्यातले २२ संपलेले होते. ‘आपोआप मिटेल असं वाटलं’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. कस्टम्सची नोटीस आपोआप मिटत नाही. उत्तर गेलं नाही तर तुमच्या गैरहजेरीत आदेश होतो, एवढंच आपोआप होतं. म्हणून मुदत वाढवून मागणारा अर्ज कसा करायचा ते तुम्हाला ईमेलने आधीच कळवलं आहे. इथे उरलेलं लिहितो, कारण तुमच्यासारखे बरेच आहेत.

एजंटचं म्हणणं साफ चूक नाही, पण या प्रकरणाचा निकाल ज्यावर लागणार तेच कलम त्याला माहीत नाही. एरवी कस्टम्सने माल सरकारजमा करायचा ठरवला, तर कस्टम्स कायद्याच्या कलम १२५ खाली दंड भरून तो सोडवून घेण्याची सोय असते. माल मुळात बंदीचा नसेल, तर हा पर्याय अधिकाऱ्याला द्यावाच लागतो. एजंट याच भरवशावर बोलतो आहे. पण पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ याचं कलम ४ काढून बघा. निर्यातीला बंदी असलेल्या पुरावस्तूंना कस्टम्स कायदा लागू होतो, मात्र कलम १२५ मध्ये काहीही म्हटलेलं असलं तरी वस्तू सरकारजमा व्हायलाच हवी, असं ते सांगतं. अपवाद एकच : केंद्र सरकारकडे अर्ज केला आणि सरकारने वेगळा आदेश दिला तर. म्हणजे तुमचा अडकित्ता पुरावस्तू ठरला, तर एजंटचे पंधरा-वीस हजार घेऊन खिडकीवर उभं राहून काही होणार नाही. पुरावस्तू नाही असं ठरलं, तर उरतो तो किंमत आणि कारण खोटं लिहिल्याचा मामला. तो दंडाने निभावतो.

तर प्रश्न एकच : वस्तू शंभर वर्षांची आहे का? नाणं, शिल्प, चित्र किंवा कारागिरीची कोणतीही वस्तू अस्तित्वात येऊन किमान शंभर वर्षं झाली असतील, तर ती पुरावस्तू. कलम ३ प्रमाणे ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. तुम्हाला नाही, मला नाही, एखाद्या परवानाधारक दुकानदारालाही नाही. पाठवण्याचा प्रयत्नदेखील गुन्हा आहे आणि कलम २५ मध्ये शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, शिवाय दंड. घाबरवायला सांगत नाही. खटला भरण्यासाठी आधी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि एका अडकित्त्यापायी ती दिली जाईलच असं नाही. पण ‘साधी घरातली वस्तू तर आहे’ हा बचाव नव्हे.

आता तुमची खरी अडचण. लिलावाच्या जाहिरातीत तुम्ही लिहिलंत, ‘पेशवाई घाटाचा, दीडशे वर्षांहून जुना, अस्सल’. पार्सलच्या फॉर्मवर लिहिलंत, ‘पितळी वस्तू, भेट, ५०० रुपये’. एक पातं जाहिरातीचं, दुसरं फॉर्मचं आणि मधली सुपारी तुम्ही. जाहिरात खरी म्हणाल तर बंदीची वस्तू पाठवली, खोटी म्हणाल तर ग्राहकाला फसवलं, आणि फॉर्म तर दोन्हीकडून खोटाच. ग्राहकाने सांगितलं म्हणून लिहिलं, हे अधिकाऱ्यापुढे बोलूही नका. तिकडचा कर वाचवायचा होता त्याला, सही तुमची आहे.

पण पत्रात पुढे तुम्ही लिहिता की आजोबांनी अडकित्ता साठच्या दशकात पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता, पावती नाही आणि ‘पेशवाई’ हे घरातलं बोलणं. यात तुमची सुटका असू शकते. विकणाऱ्याच्या जाहिरातीवरून वस्तूचं वय ठरत नसतं. पुरावस्तू आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि त्यांचा निर्णय अंतिम, असं कलम २४ सांगतं. म्हणून नोटिशीच्या उत्तरातली पहिली मागणी हीच ठेवा : वस्तू तज्ज्ञांना दाखवा, तोवर आदेश करू नका. वर्णन ऐकीव माहितीवर आणि विकण्याच्या भरात केलं होतं, वयाचा कोणताही कागद माझ्याकडे नाही, हे सरळ लिहा. मात्र ते खरं असेल तरच. घरात आजोबांची एखादी वही निघाली आणि तिच्यात वस्तूचा इतिहास असला, तर ती वकिलाला दाखवा, माळ्यावर परत टाकू नका. जबाबाला बोलावणं आलं तर जा. कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ खालचा जबाब पुढे पुरावा म्हणून वापरला जातो, तेव्हा माहीत असेल तेवढंच सांगा.

चालू असलेल्या बाकीच्या जाहिराती आजच बंद करा, पण पुसू नका. आधी प्रत्येकीचं चित्र काढून ठेवा. नोटीस आल्यावर पुसलेली जाहिरात कशी दिसते हे मी वेगळं सांगायला नको.

तज्ज्ञांचं मत यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. प्रकरण अपिलात आणि तिथून उच्च न्यायालयात गेलं तर विचारूच नका. आपल्याकडच्या तारखांचा वेग पाहता १९३० साली घडवलेला अडकित्ता निकाल लागेपर्यंत शंभरी गाठायचा. सुदैवाने वय मोजायचं ते पार्सल टाकलं त्या दिवशीचं. आदेश विरोधात गेला तर अपील साठ दिवसांत. सबळ कारण दाखवलं तर वर तीस. नव्वदावा दिवस उलटला की अपील आयुक्तांनाही उशीर माफ करता येत नाही, आणि नोटिशीवर २२ दिवस झोपलेल्या माणसाला हे मी मुद्दाम अक्षरात सांगतो आहे. वस्तू पुरावस्तू ठरली तर दंड किमतीच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. किंमत म्हणजे ५०० नव्हे. ४२० युरो म्हणजे चाळीसेक हजार धरले, तर सव्वा लाखाच्या आसपास.

ग्राहकाचं काय? पैसे परत करा, आजच. निर्यात बंदीची ठरली तर करारच रद्दबातल, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे घेतलेला पैसा फेडावा लागतो. बंदीची ठरली नाही, तरी माल त्याला मिळालेला नाही. दोन्हीकडून तेच. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवा. फ्रँकफुर्टमधला आतेभाऊ तिकडेच युरो देईल आणि तुम्ही इथे त्याच्या आईला रुपये द्याल, हा बेत सोडा, नाहीतर परकीय चलनाचं दुसरं प्रकरण मागे लावून घ्याल. जर्मन कोर्टाची धमकी फार मनावर घेऊ नका. तिथला हुकूमनामा ब्रिटन किंवा सिंगापूरच्या हुकूमनाम्यासारखा इथे थेट बजावता येत नाही, त्याला इथे नवा दावा लावावा लागेल. ४२० युरोंसाठी कोणी वाईला येईल असं मला वाटत नाही. आणि पैसे मिळाल्यावर तर नाहीच.

पुढे विकायचंच असेल तर पार्सल बांधण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यात आहे, तिथे वस्तू आणि फोटो घेऊन चौकशी करा. नाण्यांचं सोपं आहे, साल अंगावरच असतं. तुमच्या यादीतला १९४४ चा सहाव्या जॉर्जचा रुपया एक गोष्ट, १९१८ चा पाचव्या जॉर्जचा दुसरी. शिवराईचं तर नावच काढू नका. ही शंभराची रेघ दर वर्षी पुढे सरकते, तेव्हा मित्राने काही वर्षांपूर्वी पाठवलं आणि काही झालं नाही, हा दाखला निरुपयोगी. निर्यातीचा आयईसी क्रमांकही (आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढून घ्या, ऑनलाइन ५०० रुपयांत होतो. चाळीस वस्तूंची यादी लावणारा ‘हौस म्हणून विकतो’ म्हणाला तर कुणी मानेल का, याची मला शंका आहे. पुरावस्तू देशातल्या देशात विकण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंत की लंडनच्या एकाला आजोबांची हस्तलिखित पोथी हवी आहे, ‘ती फार जुनी नाही, ऐंशी-नव्वद वर्षांची असेल’, तेव्हा पाठवू का? साहित्य, इतिहास, शास्त्र किंवा सौंदर्य या दृष्टीने मोल असलेल्या हस्तलिखिताला शंभर वर्षं लागत नाहीत, पंच्याहत्तर पुरतात. त्याला आजच नकार कळवा, आणि पोथी तुमच्याकडे नेमकी कुठून आली ते आठवून लिहून ठेवा.