बॅगेचं नंतर बघू, आधी पॉलिसीचे कागद काढा

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 34, हातात पगार 1 लाख 20 हजार, घरात आई आणि सात वर्षांची मुलगी, डोक्यावर 35 लाखांचं गृहकर्ज. त्यांना गुचीची हॉर्सबिट 1955 बकेट बॅग घ्यायची आहे, अडीच लाखांची. बँकेतले साहेब म्हणाले, पॉलिसीवर कर्ज काढा, अशा बॅगांची किंमत वाढतच जाते. घेऊ का?

ताई, बॅग देखणी आहे. हॉर्सबिट म्हणजे घोड्याच्या लगामाच्या दोन कड्या आणि मधली दांडी; ती गुचीने 1953 मध्ये बुटांवर आणली, दोन वर्षांनी बॅगेवर. पण ही गुंतवणूक नाही. किंमत वाढल्याच्या गोष्टी बहुतेक एर्मेस कंपनीच्या बर्किन बॅगेच्या असतात, कारण ती मागाल तेव्हा मिळत नाही. ही शोरूममध्ये मिळते, आणि पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलीत तर चामड्याला बुरशी धरते. कर्ज काढून घेऊ नका.

मला खरी काळजी त्या पॉलिसीची वाटते. तुम्ही जाता जाता लिहिलंय: वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचे, 4 हप्ते भरले, विसाव्या वर्षी 'हमखास दुप्पट', विमा 10 लाख. या दुप्पटचा परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो! पीपीएफमध्ये, आजचा 7.1 टक्के दर टिकला तर, याच पैशांचे 29 लाखांच्या आसपास झाले असते. आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरी येणार 10 लाख, बँक मागणार 35. उरलेले 25 लाख आईंनी कुठून आणायचे? पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याने तुमच्या कर्जाची साधी चौकशीही केली नाही, याचा मला संताप येतो.

याच आठवड्यात 1 कोटीच्या टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा, अर्ज भरा. वर्षाला साधारण 12-15 हजार. आजारपण काही असेल तर लपवू नका. ती पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घेतले, तर किती; पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. सरेंडरची रक्कम 7 टक्क्यांनी 16 वर्षांत जवळपास तिप्पट होते. ती तिप्पट पेड-अपच्या आकड्यापेक्षा जास्त भरली तर सरेंडर करा. 'चार लाख वाया जातील' म्हणून आणखी सहा लाख भरू नका.

टर्म झाल्यावर बॅग बोनसमधून खुशाल घ्या. पॉलिसीवर मात्र कर्ज नको. सरेंडर करताना ते कर्ज व्याजासकट आधी कापून घेतात.