'तरच'मधला 'च' बाण फिरवतो

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी उत्तरपत्रिकाच डोळ्यांसमोर आली. 'चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात' आणि 'कर्ण समान असतील तरच चौकोन चौरस असतो' ही विधाने समतुल्य, म्हणजे कायम एकत्रच खरी किंवा एकत्रच खोटी, आहेत का? तुमची सत्यता सारणी (खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता) म्हणते नाहीत, उत्तरसूची म्हणते आहेत, आणि तुम्ही चार वेळा सारणी तपासलीत. पाचव्यांदा तपासू नका. बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर आहे, चूक सारणीला हात लावायच्या आधीच झाली आहे.

(सारणी कशी मांडायची, ~ म्हणजे काय, हे तुम्हाला येतंच. त्यात शिरत नाही, उजळणी एवढीच : → म्हणजे 'असेल तर', ~ म्हणजे 'नाही', १ म्हणजे खरं, ० म्हणजे खोटं.)

तुम्ही प : चौकोन चौरस आहे, क : कर्ण समान आहेत, असं धरलंत. पहिलं विधान प → क, इथवर ठीक. दुसऱ्याला क → प लिहिलंत, कारण वाक्यात कर्ण आधी येतात. आता साधा आयत घ्या, बाजू ३ आणि ४. कर्ण दोन्ही ५, पण चौरस नाही. क → प तिथेच मोडलं. मूळ वाक्य मोडलं का? नाही. 'तरच' म्हणणारा आयताला चौरस म्हणतच नाहीये. तो एवढंच सांगतोय की चौरस असेल तर कर्ण समान असलेच पाहिजेत. म्हणजे पुन्हा प → क. 'तर'ला एक 'च' चिकटला की बाण फिरतो, इतकी साधी गोष्ट.

साधी म्हणतोय खरं, पण मला ती दोन परीक्षांनंतर कळली. माझ्या पेपरात होतं : 'झाकण बंद असेल तरच मोटर फिरते' आणि 'झाकण उघडं असेल तर मोटर फिरत नाही'. मी झ : झाकण बंद आहे, म : मोटर फिरते, असं धरून पहिल्याला झ → म लिहिलं, दुसऱ्याला ~झ → ~म. पट्टीने रेघा मारून चार ओळींची देखणी सारणी काढली. झ १, म ० असताना पहिलं ० आणि दुसरं १. झ ०, म १ असताना उलट. 'समतुल्य नाहीत' लिहून खाली दोन रेघा मारल्या. गुण शून्य. खरं तर पहिलं विधान म → झ, आणि दुसरं त्याचंच कॉन्ट्रापॉझिटिव्ह, म्हणजे बाण उलटा करून दोन्हीकडे 'नाही' लावलेलं रूप. डोळे झाकून समतुल्य!

चुकलो त्याचं दुःख नाही. राग आहे तो पुनर्मूल्यांकनाचा. अर्ज केला, सोबत सारणीचं स्पष्टीकरण जोडलं, दोनदा खेटे घातले. उत्तर आलं एका ओळीचं : 'गुणांत बदल नाही.' निर्णय बरोबरच होता, आज मीही तोच देईन. पण 'पहिल्या विधानाचा बाण उलटा आहे' हे पाच शब्द कोणी लिहिले असते तर? खिडकीवरच्या गृहस्थांनी तर 'सारणी बरोबर दिसतेय की' म्हणून माझा गैरसमज आणखी पक्का केला. मी उत्तरसूचीच चुकीची आहे असं धरून बसलो आणि पुढच्या खेपेला तीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने केली. वर्ष गेलं.

तेव्हापासून माझी सवय अशी (मी शिक्षक नाही, तुमच्या परीक्षकांना पूर्ण सारणी हवी असेल तर ती काढाच) : चिन्हं लिहिण्याआधी विचारायचं, हे वाक्य खोटं ठरवायला नेमकं काय घडावं लागेल? साधं सशर्त विधान एकाच परिस्थितीत खोटं पडतं : बाणामागचं खरं, पुढचं खोटं. झाकणाचं पहिलं वाक्य कधी खोटं? झाकण उघडं आणि मोटर फिरतेय. दुसरं? झाकण उघडं आणि मोटर फिरतेय. दोघांची मोडण्याची जागा एकच, म्हणून समतुल्य. व्यत्यासाची, म्हणजे नुसता बाण उलटा केलेल्या विधानाची (इथे झ → म), जागा वेगळी असते : झाकण बंद, पण मोटर थांबलेली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. दोन्ही विधानं खरी आहेत म्हणून ती समतुल्य होत नाहीत. भूमिती बाजूला ठेवून प आणि क काहीही असले तरी शेवटचे स्तंभ जुळले पाहिजेत. दुसरं, बोलताना लोक 'तर' म्हणतात आणि मनात 'जर आणि तरच' धरतात. 'अभ्यास केलास तर खेळायला सोडीन' यात न केल्यास सोडणार नाही, हेही प्रत्येक पोराला ऐकू येतं. तर्कशास्त्रात ते ऐकायचं नाही. बाणामागचं खोटं असताना अख्खं विधान खरं का, यावर कुरकुर करू नका, फायलो आणि डायोडोरस हे ग्रीक त्यावर दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच भांडून गेलेत. छपरावरचे कावळेसुद्धा हाच वाद घालतात, असा टोमणा कॅलिमॅकस या कवीने तेव्हा मारला होता.

तीन चलं आली की कंस गाळू नका. प → (फ → ब) आणि (प → फ) → ब वेगळी आहेत, तिघांनाही ० देऊन बघा : पहिलं १, दुसरं ०. पहिल्याचं खरं जुळं म्हणजे (प ∧ फ) → ब, इथे ∧ म्हणजे 'आणि'. दोन्ही फक्त १, १, ० ला मोडतात.

आता तुमचा राहिलेला उपप्रश्न, 'कर्ण समान असल्याशिवाय चौकोन चौरस नसतो'. ते ~क → ~प, म्हणजे प → क चं कॉन्ट्रापॉझिटिव्ह, तेव्हा तेही पहिल्या दोघांच्याच रांगेत. तुमची सारणी फाडू नका. दुसऱ्या विधानाचा बाण तेवढा उलटा करा आणि तो एक स्तंभ नव्याने भरा.