पितळेच्या भट्टीवर नवीन लागलायस, तर एवढं ऐक

भोसरीत काम मिळालं, छान झालं. पितळ ओतताना उठणारा पांढरा धूर त्यात मिसळलेल्या जस्ताचा असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पितळही त्याच सुमारास वितळतं, म्हणून धूर निघणारच. एक्झॉस्ट बंद असेल तर भट्टीजवळ जाऊ नकोस. रुमालाने हा धूर अडत नाही. धातूच्या धुरासाठीचा रेस्पिरेटर माग, लाजू नकोस. गूळ खाल्ला की बाधत नाही, असं काही जण सांगतील. गुळाने फुप्फुसं वाचत नाहीत रे. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, तोंडाला धातूची चव आली, तर डॉक्टरांना तू काय काम करतोस ते आधी सांग.

लेथवरच्या पितळेत बहुधा शिसं असतं. डबा उघडण्याआधी साबणाने हात धू. कामाचे कपडे घरी नेऊ नकोस, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

बेरिलियम कॉपरचा, म्हणजे बेरिलियम धातू मिसळलेल्या तांब्याचा, जॉब आला तर मात्र थांब. कोरडं ग्राइंडिंग कधीच करायचं नाही. त्या धुळीने काहींना बरा न होणारा फुप्फुसाचा आजार जडतो. सुपरवायझर कितीही घाई करो, मटेरियल सर्टिफिकेट, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारा कागद, बघितल्याशिवाय हात लावू नकोस.