हरकत रुपयांत मांड

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

वीज वितरण कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेवरचा तुझा हरकतींचा मसुदा वाचला. कळकळ पानोपानी जाणवते, पण 'ही दरवाढ अन्यायकारक आहे, ती फेटाळावी' या वाक्याचं दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाला काहीच करता येत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला दर ठरवावे लागतात. त्यामुळे तुझी हरकत नोंदली जाईल, पण 'आयोगाने नोंद घेतली' एवढ्यावरच तिची बोळवण होईल. तसं व्हायचं नसेल तर कोणत्या तक्त्यातला कोणता आकडा चुकला आहे, का चुकला आहे आणि तो दुरुस्त केल्यावर वार्षिक महसुली गरज (कंपनीला वर्षभरात दरांतून वसूल करायची एकूण रक्कम) किती कोटींनी खाली येते, हे लिहावं लागेल.

सध्या तू फक्त कार्यकारी सारांश वाचून लिहिलं आहेस. त्याऐवजी याचिकेसोबतची प्रपत्रं, म्हणजे आकड्यांचे तक्ते, एक्सेलमध्ये मागून घे. पीडीएफमध्ये बेरीज दिसते, सूत्र दिसत नाही. तांत्रिक पडताळणीच्या वेळी आयोगाने विचारलेले प्रश्न आणि कंपनीने दिलेली उत्तरंही मिळव. कच्चे दुवे बहुतेक तिथेच उघडे पडतात. मग मागे मंजूर झालेला आकडा, लेखापरीक्षित प्रत्यक्ष आकडा आणि आता मागितलेला आकडा शेजारी शेजारी मांड. सर्वांत मोठा खर्च वीजखरेदीचा असतो, म्हणून सुरुवात तिथून कर. कार्यालयीन खर्चावर दोन पानं खर्ची घालू नकोस.

वीज किती विकत घ्यावी लागते हे विक्री आणि गळती यांवर ठरतं, आणि महाराष्ट्रात या दोन्ही आकड्यांची नाडी मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या हातात आहे. तुझ्या मसुद्यात याबद्दल एक ओळही नाही. या पंपांचा वापर मोजलेला नसतो, तो अश्वशक्ती गुणिले तास असा अंदाजला जातो. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणजे पाच अश्वशक्तीचा पंप ३.७३ किलोवॅटचा. तो वर्षाला १,६०० तास चालतो असं धरलं तर वापर ५,९६८ युनिट येतो. फीडरच्या (उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीच्या) नोंदींवरून १,२०० तासच निघाले तर ४,४७६ युनिट. एका पंपामागे १,४९२ युनिटचा फरक, आणि असे एक लाख पंप असतील तर जवळपास १५ कोटी युनिट.

ही युनिटं कुठे गेली? समजा यंत्रणेत १०० युनिट आले, मीटरवर ६० विकले गेले आणि शेतीचा अंदाज २५ धरला. गळती १५ टक्के दिसेल. शेतीचा खरा वापर २० असेल तर गळती २० टक्के आहे. मधली पाच युनिटं शेतात पोचलीच नाहीत, ती तारांत, ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा तारांवर आकडे टाकून होणाऱ्या चोरीत गेली. त्यांचा भार ग्राहक उचलतो, अनुदानाचा बोल शेतकऱ्याला लागतो आणि गळती मंजूर पातळीखाली आणल्याच्या फायद्यातला वाटा कंपनी मागते. तू विजेच्या बचतीवर काम करतेस म्हणून हे मुद्दाम सांगते: ही लपलेली गळती उघडी केल्याशिवाय बचतीचा कुठलाही हिशेब पायावर उभा राहत नाही.

पडताळणीसाठी गावठाणापासून वेगळे केलेले कृषी फीडर निवड. फीडरवर सोडलेल्या युनिटमधून ११ केव्ही वाहिनी, रोहित्र आणि लघुदाब वाहिनीची तांत्रिक हानी वजा कर आणि जोडलेल्या अश्वशक्तीने भाग. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. फीडरवर गावठाणाचा भार राहिला असेल तर शेतीचा वापर फुगतो. कायमस्वरूपी खंडित झालेल्या जोडण्या यादीतून काढल्या नसतील तर दर अश्वशक्तीचा वापर कमी दिसतो. आणि नोंद तीन अश्वशक्तीची, पण विहिरीवर मोटार पाचची, असं सर्रास असतं, त्यामुळे तो जास्त दिसतो. हा तिसरा मुद्दा कंपनी मांडणारच. तो आधी तूच लिही आणि त्याचा परिणाम काढून दाखव. नमुन्यातले फीडर कुणी आणि कशाच्या आधारे निवडले, हेही विचार.

आता पंख्यांच्या योजनेवरचा तुझा हिशेब. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा पंखा म्हणजे ४५ वॅटची बचत, इथवर बरोबर. पण तू तो वर्षभर चोवीस तास फिरवून ३९४ युनिट काढलेस. रोज १२ तास आणि ३०० दिवस धरले तर १६२ युनिट येतात, आणि १५ टक्के गळती धरली तर खरेदीच्या टोकाला, म्हणजे कंपनीने विकत घ्यायच्या विजेत, सुमारे १९०. त्याला सरासरी वीजपुरवठा खर्चाने गुणणं ही दुसरी चूक. करार झालेल्या वीजकेंद्रांचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावा लागतो, म्हणून वाचतो तो त्या वेळच्या सर्वांत महागड्या विजेचा बदलता, म्हणजे मुख्यतः इंधनाचा, खर्च. शिवाय ग्राहकाच्या बिलातली बचत आणि यंत्रणेची बचत वेगवेगळ्या आहेत, त्यांची बेरीज करू नकोस. मागणी व्यवस्थापनाच्या, म्हणजे ग्राहकांचा वीजवापर आटोक्यात ठेवण्याच्या, योजनांची खर्च-लाभ तपासणी कशी करायची, यासाठी आयोगाचे विनियम आहेत. तोच साचा वापर. आणि पंख्यावर किती तारे आहेत एवढ्यावर थांबू नकोस, लेबलचा कालावधीही पाहा. निकष बदलले की जुन्या पाच ताऱ्यांचा अर्थही बदलतो.

दाखल करताना एक प्रत कंपनीला देऊन पोच जोड आणि जनसुनावणीत म्हणणं मांडायचं आहे, हे स्पष्ट लिही. बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, दोनच मुद्दे घे. कुणाच्या चुकीच्या बिलाची तक्रार यात घालू नकोस, तिच्यासाठी कलम ४२(५) खालचा तक्रार निवारण मंच आहे. कलम ९४(३) नुसार आयोगाने मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास अशा संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणून अधिकृत केलं आहे. तुझी गणितं सुनावणीआधी त्यांना दाखव. कंपनीचं लेखी उत्तर आलं की प्रत्युत्तर दाखल कर, ही पायरी बहुतेक जण गाळतात. आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ४५ दिवसांची असते, आणि हरकतीत नसलेला मुद्दा तिथे नव्याने उभा करणं फार अवघड जातं.

नव्या मसुद्याच्या पहिल्या पानावर चार रकान्यांचा तक्ता दे: प्रपत्र आणि ओळ, कंपनीचा आकडा, आपला आकडा, कोटींतला फरक. फीडरची मूळ एक्सेलही सोबत पाठव, सूत्रं एकदा नजरेखालून घालते.

तुझी,
ताई