घरात फक्त गाणं ऐकण्यासाठी वेगळी खोली बांधायची आहे. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की लातूरला घराचं काम चालू आहे, वरच्या मजल्यावर 10 बाय 10 ची खोली गाण्यासाठी राखलीय, उंचीही 10 फूटच आहे, आणि स्पीकर कोणते घ्यावेत ते विचारलंय. स्पीकरचं नंतर बघू. वरच्या भिंती अजून उठल्या नसतील तर आधी मिस्त्रीला गाठा आणि खोलीचं माप बदलून घ्या. आज हे जवळपास फुकटात होतं, गिलावा झाल्यावर कितीही पैसे ओतले तरी होत नाही.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आदळत राहतो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी त्या अंतरात नेमकी बसते, तो फुगतो. 10 फुटांसाठी हा सूर साधारण 56 हर्ट्झला येतो, मग 112 ला, मग 168 ला. तुमच्या खोलीत लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणजे तिन्ही दिशांनी तेच सूर फुगणार. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे नेलं की आवाज चढत जातो ना, तो चढ अशा खोलीत सलग ऐकू येत नाही. मध्येच एका जागी धप्पकन मोठा होतो आणि पुढे दबतो. बरोबर मध्यभागी बसलात तर 56 चा सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि 112 चा दणकतो. भिंतीला टेकून बसलात तर दोन्ही अंगावर येतात. लाखाचे स्पीकर आणले तरी यात फरक पडत नाही, कारण हे खोलीचं काम आहे.

उंची 10 असेल तर रुंदी साडेअकरा आणि लांबी 14 च्या आसपास ठेवा. 1 : 1.14 : 1.39 हे ध्वनिशास्त्राचे अभ्यासक सेपमायर यांनी 1965 मध्ये मांडलेलं उंची, रुंदी आणि लांबीचं प्रमाण आहे, छोट्या खोल्यांसाठी आजही वापरतात. मग फुगणारे पहिले सूर साधारण 40, 49 आणि 56 हर्ट्झवर विखुरतात, एकावर एक चढत नाहीत. जागा गच्चीतून काढा. तेवढी निघतच नसेल तर निदान एक भिंत दोन-तीन फूट सरकवा, पण चौकोनी डबा करू नका.

मी अंबाजोगाईचा. आमच्याकडे जुन्या वाड्यांत, माळवदाखाली म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताखाली बसून भजन ऐकलेल्या माणसाला पखवाज कसा भरून येतो ते सांगावं लागत नाही. डाव्या पुडीला कणीक लावलेली, थाप पडली की पोटात जाणवते आणि लगेच थांबतेही. ओबडधोबड मातीच्या भिंती, वरचं लाकूड आणि दाटीवाटीने बसलेली माणसं मिळून तो आवाज आवरतात. पण तसं छत आता कोणी बांधू नये. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर कोसळूनच माणसं गेली, हे लातूरकरांना मी काय सांगायचं. स्लॅबच टाका आणि आवाज आवरायचं काम कापसावर सोपवा.

कापूस मी गमतीने म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वॉलेस सॅबिन यांनी घुमणारं एक व्याख्यानगृह सुधारायला घेतलं, तेव्हा शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री आणून ते मोजमाप करत असत. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरतो. आजचं खोल्यांच्या ध्वनीचं गणित त्यातूनच निघालं.

सुताराकडून 4 बाय 2 फुटांच्या, 4 इंच खोल चौकटी करून घ्या. पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस भरा आणि गादीला घालतात तसे टाके घाला, नाहीतर सहा महिन्यांत सगळा कापूस खाली बसतो. वर मांजरपाट ताणून लावा. कापड निवडताना ओठाला लावून फुंकर मारा. श्वास आरपार गेला तर आवाजही जाईल. रेक्झिन अजिबात नको. चौकट भिंतीपासून 2-3 इंच सुटी ठेवा म्हणजे ती आणखी खालचे सूर धरते. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचं भरा, खर्ज तिथेच साठतो. वायरिंग मात्र कापसापासून लांब ठेवा. आगीची धास्ती वाटत असेल तर रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) घ्या, ते जळत नाही, फक्त हाताळताना अंगाला खाजतं.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांनी काही होत नाही, थर्माकोल वर पेटतो. शहाबादी फरशीवर सतरंजी हवीच, पण सगळीकडे नुसती सतरंजी आणि पडदे लावले तर वरचे सूर मरतात, खर्ज तसाच घुमत राहतो आणि लताबाईंचा आवाजसुद्धा बोद लागतो. लोखंडी कपाट त्या खोलीत ठेवू नका. डग्गा वाजला की त्याचं दार थरथरतं. पुस्तकांचं उघडं कपाट मागच्या भिंतीला चालेल.

स्पीकर लहान भिंतीकडे, तुमच्यापासून आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर. बसायची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांच्या आसपास धरून सुरुवात करा, मग कानाने पुढेमागे सरका. तुम्ही तिथे बसा, घरातल्या कुणाला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे चौकट टांगा.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, कूलर. एप्रिल-मेमध्ये त्याच्या घरघरीत तानपुरा ऐकूच येत नाही. जमलं तर इन्व्हर्टर एसीची सोय भिंत बांधतानाच करून ठेवा. गाण्याच्या यंत्रांसाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर. घरच्या इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर तो साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवाल्यावर स्पीकरमधून गुणगुण येते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी सोडत राहा.

शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून साऊंडप्रूफ करायचं हे वेगळंच काम, कापसाने ते होत नाही. त्याला वजन लागतं आणि फटी बंद लागतात: नऊ इंची वीट, भरीव दार, चौकटीला रबराची पट्टी, आणि दाराखालची फट आधी बुजवा.

खोली झाली की रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक घेऊन, हाताशी असेल तो स्पीकर वाजवून, कोणता सूर किती फुगतो याचा एकदा आलेख काढा. नव्या स्पीकरच्या खरेदीला हात त्यानंतर घाला. वरच्या मजल्याचा नकाशा, दार-खिडक्यांच्या जागांसकट, इथे टाकलात तर चौकटी कुठे लावायच्या ते सांगता येईल.