थ्रॅश मेटल रेकॉर्ड करायचंय? आधी रिव्हर्ब उतरव

तुझा डेमो ऐकला. वाजवतोस छान, पण सगळं विहिरीत बसून वाजवल्यासारखं येतंय. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, फार झालाय रे. आमच्या पहिल्या डेमोतही हाच घोळ होता, दोन्ही पायांनी वाजवायच्या डबल बास ड्रमची नुसती खिचडी!

एक कर. थ्रॅश म्हणजे वेगवान हेवी मेटल वाजवणाऱ्या स्लेयर बँडचा १९८६ चा अल्बम ‘रेन इन ब्लड’ हेडफोन लावून ऐक. १० गाणी, जेमतेम २९ मिनिटं. निर्माता रिक रुबिन, म्हणजे तोवर हिप-हॉपमध्ये नाव कमावलेला माणूस. त्यानं आणि इंजिनिअर अँडी वॉलेसनं रिव्हर्ब जवळजवळ काढूनच टाकला. एवढ्या वेगात एका ठोक्याचा घुमारा विरायच्या आत पुढचा ठोका येऊन आदळतो, मग सगळंच कालवलं जातं. कोरडं ठेवलं म्हणून ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो. त्यातल्या ‘एंजल ऑफ डेथ’ गाण्याच्या शेवटाकडे गिटारी थांबतात आणि नुसते त्याचे पाय धावतात, तो तुकडा दहा वेळा ऐक.

गिटारचं म्हणशील तर रिदमचा भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड कर. एक टेक डाव्या स्पीकरला, दुसरा उजव्या. एकच टेक कॉपी-पेस्ट करशील तर रुंदी येणार नाही. गेनही, म्हणजे गिटारचा आवाज फाटवणारी पातळी, तुला वाटतोय त्यापेक्षा कमी ठेव.

आणि गाणी कापायला लाजू नकोस. स्लेयरचा अल्बम इतका छोटा झाला, की कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर अख्खाच्या अख्खा बसवला होता.